अलार्म वाजल्यावर फोन कोणाला जातो? घराच्या देखरेख सेवेचा चौदा महिन्यांचा अनुभव

आमचे घर पुण्याच्या दक्षिण भागातील एका जुन्या गृहरचना संस्थेत आहे. तळमजला, वर एक मजला, मागे लिंबाचे झाड आणि त्यापलीकडे ओढ्याकडे उतरणारी बोळ अशी रचना असल्यामुळे घराची मागची बाजू रात्री पूर्ण अंधारात असते. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि मे महिन्यात, आम्ही दोघे मुलीकडे बंगळुरूला जातो आणि घर सहा-सात आठवडे कुलूपबंद राहते. आमच्याच गल्लीत एका पावसाळ्यात लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या. त्यांपैकी एका घराला अलार्म होता. तो वेळेवर वाजला, बराच वेळ वाजत राहिला आणि शेवटी आपोआप बंद झाला. आम्ही सगळ्यांनी तो ऐकला होता, कोणाच्या तरी गाडीचा असेल असे म्हणून कूस बदलली होती, आणि सकाळी दूधवाल्याला दार उघडे दिसले. घरात अलार्म असून भागत नाही, त्याची हाक ऐकून उठणारे कोणीतरी ठरलेले असावे लागते, हे मला त्या सकाळी कळले.

हे परीक्षण त्या उठणाऱ्याविषयी, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या देखरेख सेवेविषयी आहे, उपकरणांविषयी नाही. मी तीन कंपन्यांशी बोललो, त्यांपैकी दोन कंपन्यांची चाचणी घेतली आणि एकीची सेवा गेले चौदा महिने वापरत आहे. कंपन्यांची नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत, कारण हे काम शेवटी स्थानिक माणसांवर चालते आणि एकाच कंपनीची पुण्यातील सेवा चांगली व दुसऱ्या शहरातील वाईट, असे सहज घडू शकते. मी स्वतः बँकेत एकतीस वर्षे नोकरी केली. शाखेच्या सायरनची ठरल्या दिवशी चाचणी घ्यायची आणि रजिस्टरमध्ये वेळ टाकून दोघांनी सह्या करायच्या, ही शिस्त अंगात मुरलेली असल्यामुळे घरासाठी सेवा निवडतानाही मी एक दोनशे पानी वही घातली. पुढे दिलेल्या वेळा त्या वहीतल्या आहेत.

सेवेचे काम कसे चालते ते आधी थोडक्यात सांगतो. दारा-खिडक्यांवरचे मॅग्नेटिक सेन्सर आणि खोल्यांतील हालचाल टिपणारे पीआयआर सेन्सर एका पॅनेलला जोडलेले असतात. काही घडले की पॅनेल हूटर वाजवते आणि त्याच क्षणी इंटरनेटवरून किंवा सिमकार्डावरून देखरेख केंद्राला एक छोटा संदेश धाडते. त्यासाठी ‘कॉन्टॅक्ट आयडी’ नावाची तीन आकडी सांकेतिक पद्धत आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. घरफोडीला १३०, वीज गेली तर ३०१, पॅनेलची बॅटरी उतरली तर ३०२, कोणी धाक दाखवून अलार्म बंद करायला लावला तर १२१, आणि ‘सगळे चालू आहे’ एवढेच कळवणाऱ्या नियमित संदेशाला ६०२, असे हे आकडे आहेत. केंद्रात बसलेल्या माणसाच्या पडद्यावर आपले घर म्हणजे एक खाते क्रमांक, यांतला एखादा आकडा आणि ‘मागचे दार’ किंवा ‘जिना’ असे दोन शब्द. ते दोन शब्द वाचून तो माणूस पुढे काय करतो, त्याचेच पैसे आपण दर वर्षी मोजत असतो. विक्रेते मात्र तासभर सेन्सर दाखवतात आणि केंद्राचा विषय निघाला की भिंतभर पडदे लावलेल्या खोलीचा एक फोटो पुढे करतात.

मोबाइलवरचे अ‍ॅप असताना महिन्याचे पैसे कशाला, असे मुलीने विचारले होते. प्रश्न रास्त आहे आणि ज्यांचा फोन रात्रंदिवस हातात असतो त्यांचे अ‍ॅपवर भागतेही. पण आम्ही विमानात असताना, रात्री झोपेत असताना किंवा नाट्यगृहात फोन बंद करून बसलेलो असताना अ‍ॅपवर आलेली सूचना कोणाच्याच कामाची नसते. अ‍ॅप म्हणजे पहारेकऱ्याची नोकरी आपणच बिनपगारी पत्करणे होय; साठीनंतर मला रात्रपाळी नको होती.

तिन्ही विक्रेत्यांना मी एकच विनंती केली की, करारापूर्वी चार दिवसांसाठी नमुन्याचे पॅनेल आणि दोन सेन्सर बसवून द्यावेत, मी वेळ न सांगता एका रात्री अलार्म वाजवीन आणि तुमच्या केंद्राचा फोन किती वेळात येतो ते पाहीन. पहिल्या कंपनीचा तरुण “काका, त्याची गरजच नाही, आमचं सगळं ऑटोमॅटिक आहे,” असे म्हणून हसला आणि त्याचा विषय तिथेच संपला. उरलेल्या दोघांनी मान्य केले. चाचणीच्या दोन्ही वेळी शेजारच्या काका-काकूंना आदल्या दिवशी कल्पना दिली, हूटरची वायर काढून ठेवली आणि रात्री सव्वादोन वाजता मोबाइलचे स्टॉपवॉच सुरू करून मागचे दार उघडले.

दुसऱ्या कंपनीचा फोन सहा मिनिटे चाळीस सेकंदांनी आला. तोपर्यंत मी पाणी पिऊन, दार लावून, खुर्चीत पेंगू लागलो होतो. पलीकडच्या माणसाने हिंदीतून “सब ठीक है ना, सर?” असे विचारले, मी “हो” म्हणालो, त्याने आभार मानले आणि फोन ठेवला. मी कोण, संकेतशब्द काय, दार कोणी उघडले, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. फोन चोराने उचलला असता तर त्याचेही त्याने आभारच मानले असते.

तिसऱ्या कंपनीचा फोन एक मिनिट पंचवीस सेकंदांनी वाजला. बोलणारी मुलगी मराठी होती. तिने घराचा खाते क्रमांक न सांगता आधी माझे नाव विचारले आणि मग “संकेतशब्द सांगता का, सर?” असे म्हटले. आमचा संकेतशब्द होता ‘घावन’. मी मुद्दाम ‘अळूवडी’ असे सांगितले. ती वाद घालत बसली नाही, चूक झाली असेही म्हणाली नाही. “बरं सर, नोंद करून घेते,” एवढे बोलून तिने फोन ठेवला. अर्ध्या मिनिटात आतल्या खोलीत सौभाग्यवतींचा फोन वाजला आणि त्यापाठोपाठ शेजारच्या काकांच्या घरात दिवा लागलेला दिसला. खरा शब्द सौभाग्यवतींनी सांगितल्यावरच ती मुलगी थांबली. चुकीचा शब्द सांगणारा माणूस कदाचित दबावाखाली बोलत असेल, तेव्हा त्याला संशय येऊ न देता पुढच्या क्रमांकाकडे जायचे, हे तिला कोणीतरी नीट शिकवलेले होते. या एका फोनवर माझा निम्मा निर्णय झाला.

उरलेला निम्मा ११२ वर झाला. हा आणीबाणीचा क्रमांक देशभर एकच असला तरी फोन ज्या राज्यातून लागतो त्या राज्याच्या केंद्रात तो पोहोचतो. महाराष्ट्रातील फोन नवी मुंबई आणि नागपूर येथील केंद्रांत घेतले जातात आणि तिथून घटनास्थळाजवळच्या पोलीस वाहनाला निरोप जातो. दुसऱ्या कंपनीचे देखरेख केंद्र हरियाणात होते. तिथल्या माणसाने ११२ फिरवला तर पलीकडे हरियाणा पोलीस असतील आणि पुण्यातल्या बोळीचा पत्ता त्यांना सांगण्यात रात्र सरेल. या अडचणीवर तुमचा उपाय काय, असे विचारल्यावर विक्रेत्याने दोन दिवसांनी कळवले की, आम्ही ग्राहकाला कळवतो आणि ग्राहकाने ११२ ला फोन करावा. म्हणजे आम्ही बंगळुरूला असताना ११२ लावला की तो कर्नाटक पोलिसांना लागणार. तिसऱ्या कंपनीचे केंद्र ठाण्यात होते आणि आमच्या खात्याच्या पानावर पुणे पोलीस नियंत्रण कक्षाचा व आमच्या पोलीस ठाण्याचा थेट दूरध्वनी क्रमांक लिहिलेला होता. तो लिहिलेला आहे हे मी तोंडी आश्वासनावर न सोडता त्या पानाचा छापील उतारा मागून पाहिले. हेच रुग्णवाहिकेच्या १०८ लाही लागू आहे, आणि ज्यांच्या घरी म्हातारी माणसे गळ्यातले आणीबाणीचे बटण वापरतात त्यांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

पोलिसांना कळवण्याची त्यांची पद्धत लेखी आहे आणि ती मला पटली. एकाच सेन्सरचा संदेश असेल तर यादीतल्या माणसांना फोन. दोन वेगवेगळ्या सेन्सरचे संदेश पाठोपाठ आले आणि कोणी फोन उचलला नाही, किंवा कोणी प्रत्यक्ष पाहून सांगितले, तर पोलीस. काहींना ही टाळाटाळ वाटेल, पण खोट्या अलार्मनी पोलिसांना दमवले तर खऱ्या वेळी ते येणार नाहीत. अमेरिकेत, जिथे घरोघरी ही सेवा आहे, तिथे पोलिसांकडे येणाऱ्या अशा सूचनांपैकी ९४ ते ९८ टक्के खोट्या निघतात असे नोंदलेले आहे, आणि त्यापायी सॉल्ट लेक सिटीने २००० सालीच असा नियम केला की, कोणी प्रत्यक्ष खातरजमा केल्याशिवाय घरफोडीच्या अलार्मवर पोलीस जाणार नाहीत.

खोट्या अलार्मचा अनुभव आम्हालाही पहिल्याच महिन्यात आला. तीन आठवड्यांत पाच वेळा, तेही रात्री अकरा ते एकच्या दरम्यान, ‘जिना’ असा संदेश गेला. तंत्रज्ञ दोनदा येऊन सेन्सर बदलून गेला. मी शिडी लावून पाहिले तर सेन्सरच्या वरच्या कडेवर पालीच्या लेंड्या होत्या. जिन्यातल्या दिव्याभोवती किडे जमतात, पाल शिकारीला येते आणि शिकार झाली की सेन्सरच्या उबेला बसते. हा सेन्सर ठरावीक वजनापर्यंतच्या पाळीव प्राण्यांना दाद देत नाही असे माहितीपत्रकात लिहिलेले आहे, आणि ते खरेही असेल. पण पालीचे वजन कितीही नगण्य असले तरी ती थेट भिंगावरून चालत गेली तर सेन्सरला ती घोरपडीएवढी दिसत असणार. सेन्सर दिव्यापासून लांब हलवला, वायरचे छिद्र सिलिकॉनने बुजवले आणि प्रश्न मिटला. हे निदान कंपनीने करायला हवे होते. पाचही संदेश एकाच सेन्सरचे आणि एकाच वेळेच्या सुमाराचे आहेत, हे त्यांच्या पडद्यावर दिसत होते. केंद्रातील कोणी एकदा ती यादी वरून खाली वाचली असती तर शिडी मला लावावी लागली नसती. तंत्रज्ञांचे खाते आणि केंद्राचे खाते एकमेकांशी बोलत नाही, ही या सेवेबद्दलची माझी पहिली तक्रार.

आता त्या एका रात्रीविषयी. डिसेंबरमध्ये आम्ही बंगळुरूला असताना पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी ‘मागचे दार, १३०’ असा संदेश केंद्राला गेला. त्यांनी मला तीन वेळा फोन केला आणि तो मला एकदाही ऐकू आला नाही. माझ्या मोबाइलवर रात्री अकरा ते सहा ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलेले असते; शिवाय केंद्राचा क्रमांक इतक्या लोकांनी विक्रीचा फोन समजून स्पॅम म्हणून नोंदवला होता की, पडद्यावर तो लाल रंगात दिसत होता. सौभाग्यवतींनी तो लाल रंग पाहून फोन कापला. इतकी चाचणी घेऊन, वही घालून, शेवटी साखळी तुटली ती आमच्या उशाशी. तेव्हापासून केंद्राचे दोन्ही क्रमांक आमच्या फोनमध्ये नावाने साठवलेले आहेत आणि रात्रीच्या शांततेतून त्यांना सूट दिलेली आहे. सेवा घेणाऱ्या प्रत्येकाने हे काम पॅनेल भिंतीवर चढण्याआधी करावे, आणि कंपनीच्या माणसाने ते समोर बसून करून द्यावे. आमच्याकडे त्याने ते केले नव्हते.

यादीतले तिसरे नाव शेजारच्या काकांचे होते. त्यांनी पहिल्या घंटेला फोन उचलला. केंद्राने त्यांना “तुम्ही एकटे जाऊ नका, आमची माणसे पोहोचेपर्यंत खिडकीतूनच पाहा,” असे स्पष्ट सांगितले, ही गोष्ट मला विशेष आवडली. कंपनीचे तातडीचे पथक, ज्याला सगळे क्यूआरटी म्हणतात, ते म्हणजे प्रत्यक्षात एका मोटारसायकलवरून आलेले दोन तरुण होते. पैकी एकाने फाटकाशी उभे राहून टॉर्चचा झोत गच्चीपर्यंत फिरवला, दुसरा काकांना सोबत घेऊन मागे गेला, कुलूप हलवून पाहिले, दाराचे चार फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि खिशातल्या छोट्या वहीत वेळ लिहून काकांची सही घेतली. त्या वहीमुळे माझ्या मनात त्यांच्याबद्दल लगेच आपुलकी उत्पन्न झाली हे कबूल केले पाहिजे. कुलूप शाबूत होते, दार चौकटीतून जरासे सरकलेले होते आणि कोयंडा वाकलेला होता. तो चोरांनी वाकवला की आधीपासूनच वाकलेला होता, यावर आमच्या घरी अजून एकमत झालेले नाही.

पथक फोननंतर चोवीस मिनिटांनी पोहोचले. माहितीपत्रकात पंधरा मिनिटे लिहिलेली आहेत. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यांवर पंधरा मिनिटांत पोहोचता यावे असे मला वाटते, तरी चोवीस मिनिटांवर मी फार कुरकुर केली नसती. पण महिनाअखेरच्या अहवालात त्याच भेटीसमोर ‘१४ मिनिटे’ असे छापून आले. चौकशी केल्यावर कळले की, त्यांची मोजणी अलार्म वाजल्यापासून नव्हे, तर पथकातील माणसाने मोबाइलवर काम स्वीकारल्यापासून सुरू होते. काकांची सही असलेल्या वहीच्या पानाचा फोटो जोडून मी लेखी तक्रार केली, आणि दोन पत्रांनंतर अहवालात आता दोन्ही वेळा छापल्या जातात. ज्यांना असा अहवाल मिळतो त्यांनी घड्याळ कुठून सुरू होते ते जरूर विचारावे.

क्यूआरटीकडे घराची किल्ली नसते आणि ती देऊही नये. ते बाहेरून पाहतात, उभे राहतात, पोलिसांना कळवतात. आत पाऊल टाकायचे ते किल्ली असलेल्या माणसाने, पोलीस किंवा शेजारी सोबत असताना. अशी माणसे पुरवणाऱ्या कंपनीला खासगी सुरक्षा संस्थांविषयीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याखाली राज्याचा परवाना लागतो. तो एका जिल्ह्यापुरता, काही जिल्ह्यांपुरता किंवा सबंध राज्यासाठी दिला जातो आणि त्याची मुदत पाच वर्षे असते. मी परवान्याची प्रत मागितली तेव्हा तिसऱ्या कंपनीने ती त्याच दिवशी पाठवली. दुसऱ्या कंपनीने आपले पथक ‘पार्टनर’कडून येते असे सांगितले, त्या पार्टनरचे नाव मात्र शेवटपर्यंत कळले नाही.

विजेचा आणि सिमकार्डाचा मुद्दा कंटाळवाणा आहे, पण बहुतेक सेवा बंद पडतात त्या इथेच. पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या देखभालीचा वार, आणि वळवाच्या पावसात तर कोणताही वार चालतो. पॅनेलमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते आणि ती चांगली असेल तर पॅनेल दिवसभर सहज तग धरते. पण घरातला इंटरनेटचा राउटर वीज जाताच मान टाकतो आणि मग पॅनेल जागे असूनही मुके होते. म्हणून सिमकार्डाचा दुसरा मार्ग हवाच. त्या सिमबाबत दोन गोष्टी पाहाव्यात. एक, ते कोणाच्या नावावर आहे. दुसऱ्या कंपनीच्या नमुना पॅनेलमधले सिम चक्क तंत्रज्ञाच्या वैयक्तिक नावाचे प्रीपेड कार्ड होते, म्हणजे त्याने नोकरी सोडली किंवा रिचार्ज विसरला की आमचे घर मुके. यंत्रांसाठी १३ आकडी क्रमांकाची वेगळी एमटूएम सिमकार्डे मिळतात, ती कंपनीच्या नावावर असावीत. दोन, पॅनेल फक्त टू-जीवर चालणारे आहे का, कारण जिओसारख्या जाळ्यावर टू-जी नाहीच.

पॅनेल मुके झाल्याचे केंद्राला कधी कळते, हा याच मुद्द्याचा पुढचा भाग आहे. ‘सगळे चालू आहे’ सांगणारा तो ६०२ चा संदेश पुष्कळ ठिकाणी दिवसातून एकदा ठेवलेला असतो. सकाळी नऊला संदेश पाठवून साडेनऊला पॅनेल बंद पडले तर दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत कोणाला पत्ता नाही. युरोपच्या ईएन ५०१३६ या मानकात संपर्क तुटल्याची खबर लागण्याच्या मुदतीनुसार वर्ग पाडलेले आहेत. खालच्या एका वर्गात ती २५ तास चालते, तर वरच्या वर्गांत तीन मिनिटे आणि त्याहूनही कमी. आमच्या कंपनीने सुरुवातीला चोवीस तासच ठेवले होते. मी विनंती केल्यावर दर तासाला एक असे करून दिले आणि त्याचे जादा पैसे घेतले नाहीत. मग ते आधीपासूनच तसे का नव्हते, याचे उत्तर काही मिळाले नाही.

खर्चाचे म्हणाल तर देखरेख आणि पथक मिळून वर्षाला ७,२०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,४९६ रुपये पडतात. उपकरणांचे पैसे वेगळे. दुसरी कंपनी स्वस्त होती, पण तिचा करार तीन वर्षांचा होता आणि मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाचे पैसे भरावे लागणार होते. करारात ज्या ओळी मी दोनदा वाचल्या त्यांपैकी एक इन्स्टॉलर कोडची. पॅनेल आपण विकत घेतलेले असले तरी त्याचा हा कोड कंपनीने स्वतःकडेच ठेवला, तर उद्या दुसऱ्या कंपनीला ते पॅनेल आपल्या केंद्राशी जोडता येत नाही आणि घरातल्या घरात आपण भाडेकरू होतो. करार संपताना कोड लेखी मिळेल अशी ओळ मी हाताने लिहून घेतली. दुसरी ओळ भरपाईची. चोरी झाल्यास कंपनीची जबाबदारी एका वर्षाच्या शुल्काएवढीच, असे त्यात स्वच्छ लिहिलेले आहे. हे वाचून पुष्कळांना राग येतो. मला त्यात गैर वाटले नाही, कारण आठ-साडेआठ हजारांत कोणी आपल्या दागिन्यांचा विमा उतरवणार नाही.

दागिन्यांवरून विम्याकडे येतो. २०२१ च्या एप्रिलपासून चालू असलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मुख्यतः आग, पूर, भूकंप अशा आपत्तींसाठी आहे. तिच्यात चोरीचे संरक्षण आहे ते केवळ अशा आपत्तीमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांत झालेल्या चोरीपुरते. साध्या घरफोडीसाठी वेगळे कलम किंवा वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. आमच्या घरफोडीच्या पॉलिसीत घर सलग तीस दिवसांहून अधिक बंद राहणार असेल तर आधी कळवण्याची अट आहे, जी मी सेवा घेईपर्यंत वाचलेलीही नव्हती. देखरेख सेवा असल्याबद्दल हप्त्यात सवलत मागितली, ती मिळाली नाही.

ही सेवा सर्वांना लागेल असे नाही. चांगला रखवालदार, इंटरकॉम आणि जागते शेजारी असलेल्या संकुलातील चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला मी ती सुचवणार नाही. कोकणातल्या आमच्या जुन्या घरासाठीही मी ती घेतली नाही. तिथे नेटवर्क मिळते ते अंगणातल्या एका कोपऱ्यात, पावसाळ्यात विजा पडून दोन टीव्ही जळालेले आहेत आणि जवळचे पथक म्हणजे तालुक्याच्या गावचा कोणीतरी. त्या पैशांत वाडीतला गडी रोज संध्याकाळी पडवीत दिवा लावतो, हे अधिक उपयोगाचे आहे. परदेशी असलेल्या मुलांनी येताना आणलेले तिकडचे संच हा आणखी एक प्रकार सध्या दिसतो. आपल्याकडे अशा बिनतारी सेन्सरसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना खुला आहे आणि अमेरिकेतले बरेच संच त्याबाहेर चालतात. त्याहून मोठी अडचण अशी की तिथले केंद्र इथल्या घराची देखरेख करत नाही आणि इथले केंद्र तो संच जोडून घेत नाही. मग तो संच केवळ आवाज करण्यापुरता उरतो.

गेल्या आठवड्यात नूतनीकरणाची सूचना आली. पैसे भरण्याआधी मी पुन्हा एकदा, या वेळी रविवारी पहाटे चारला, मागचे दार उघडले. फोन एक मिनिट पन्नास सेकंदांनी आला. गेल्या वर्षीपेक्षा पंचवीस सेकंद उशिरा, पण तेवढे मी चालवून घेतले. माणूस नवा होता, मराठी नव्हता आणि त्याच्या पडद्यावर ‘घावन’चे काय झाले होते कोण जाणे, कारण माझा शब्द ऐकून तो क्षणभर अडखळला आणि त्याने मला तो सावकाश पुन्हा म्हणायला लावला. नीट जुळल्याशिवाय त्याने फोन ठेवला नाही, म्हणून मी शुल्क भरले आणि संकेतशब्द बदलून कोणत्याही भाषेत सारखाच ऐकू येईल असा घेतला.

नूतनीकरणाच्या अर्जासोबत संपर्कयादी पुन्हा भरून द्यावी लागते. पहिली दोन नावे आमचीच आहेत. तिसऱ्या जागेवरचे काका येत्या महिन्यात सहा महिन्यांसाठी मुलाकडे जात आहेत, आणि आमची किल्ली त्यांनी काल संध्याकाळी परत आणून दिली. अर्ज टेबलावर आहे, तिसरा रकाना अजून कोरा आहे.